अलॉयचा प्रश्न आणि टायरवरचे चार आकडे : एका तरुण चालकाचे प्रकरण

मे 2023 मध्ये अंबड तालुक्यातील एक वीस वर्षांचा तरुण आमच्या गाडीवेड्यांच्या गटात आला. त्याच्या वडिलांनी कापसाच्या पैशांतून घरातली पहिली चारचाकी घेतली होती. ती 2013 सालची, सेकंडहँड डिझेल स्विफ्ट होती. गटात आल्यावर पाव तासाच्या आत त्याने पहिला प्रश्न विचारला : माझ्या गाडीला सतरा इंची अलॉय (मिश्रधातूची दिखाऊ चाके) बसतील का, आणि खर्च किती येईल? तासाभरात अकरा जणांनी उत्तरे दिली. नऊ जण डिझाइन आणि रंगावर बोलले, एकाने अडतीस हजारांचा अंदाज दिला, आणि ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो त्या गॅरेजवाल्यांनी एवढेच विचारले, "टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचून सांग बरं आधी."

पुढच्या दीड वर्षात या तरुणाच्या बाबतीत जे घडले, ते मी येथे सविस्तर नोंदवत आहे. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो आणि दरवर्षी याच वयाची, याच उत्साहाची मुले माझ्यासमोर बसतात. नव्या चालकाला गाडीचे वेड लागते तेव्हा त्याच्याभोवतीची माणसे कशाला दाद देतात आणि कशावर गप्प राहतात, त्यावरून त्याचा हात घडतो, असे माझे या प्रकरणानंतरचे ठाम मत आहे. त्यात आमच्या गटाकडून जी चूक झाली तीही लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

गटाविषयी थोडक्यात सांगतो. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या दोन जिल्ह्यांतले चाळीसेक लोक त्यात आहेत. 1985 पासून वाळूजला बजाज ऑटोचा आणि 2001 पासून शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे. त्यामुळे या भागात गाडीची भाषा बोलणारी माणसे पुष्कळ आहेत, आणि आमच्यातले निम्मे त्या वसाहतींमध्ये काम करणारे किंवा काम केलेले आहेत. उरलेल्यांत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका, दोन डॉक्टर, एक टायरचे दुकानदार, काही विद्यार्थी आणि उस्ताद आहेत. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही खुलताबाद रस्त्यावर भेटतो, आणि एरवी सगळे बोलणे मोबाइलवर चालते.

या तरुणाची पूर्वतयारी समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण ती मराठवाड्यातल्या हजारो मुलांची पूर्वतयारी आहे. तो पंधराव्या वर्षी ट्रॅक्टर चालवायला शिकला होता. शेतातल्या शेतात ते चालून जाते, पण ट्रॅक्टर रस्त्यावर आणायलासुद्धा अठरा वर्षे पूर्ण आणि परवाना लागतो. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे गावांत अजून फारसे कुणाला ठाऊक नाही. पुढे अठराव्या वर्षी त्याने रीतसर शिकाऊ परवाना काढला, ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर वीस दिवस हात फिरवला आणि पक्का परवाना घेतला. कागदोपत्री तो पूर्ण चालक होता. हाता-पायांत आणि मुख्य म्हणजे डोळ्यांत मात्र ट्रॅक्टरच होता. डावा पाय सतत क्लचवर टेकलेला, नजर बोनेटच्या पुढे वीस-पंचवीस मीटरवर आणि आरशाची सवय नाही. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरला तेवढी नजर पुरते, कारण तेवढ्या अंतरात ट्रॅक्टर थांबतो. गाडी त्याच्या चौपट वेगाने जाते आणि नजर मात्र तिथेच राहते. हा दोष त्याच्यात आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याही सुरुवातीला लक्षात आले नाही.

उस्तादांच्या प्रश्नाकडे वळू. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. या मुलाला ते ठाऊक नव्हते. दोन टायरांवर ती चौकट आतल्या बाजूला गेलेली होती, म्हणून तो अंगणात गाडीखाली पाठीवर झोपून, मोबाइलच्या उजेडात आकडे शोधत राहिला. तीन टायरांवर 3514 होते, म्हणजे 2014 सालचा पस्तिसावा आठवडा. चौथ्यावर 0819 निघाले. डिकीतल्या स्टेपनीवर 1213 होते, म्हणजे ती कारखान्यातून गाडीबरोबरच आलेली होती. टायरांची नक्षी चांगली जाड दिसत होती, कारण आधीच्या मालकाने गाडी फार चालवली नव्हती, आणि "टायर एकदम कडक आहेत" असे सांगूनच एजंटाने ती विकली होती. पण नऊ वर्षांचे रबर उन्हात वाळून कडेला बारीक भेगाळलेले होते. त्याने पाठवलेल्या फोटोत त्या भेगा पायाच्या टाचेसारख्या स्पष्ट दिसत होत्या.

उस्तादांनी त्याला सांगितले, "गाडी हलवू नको, आम्हीच येतो." पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला उस्ताद आणि मी त्याच्या गावी पोचलो. हवा थंड टायरातच मोजायची असते. गाडी चालून आली की दाब वाढलेला दिसतो आणि कमी हवा लपून जाते. हवेचा दाब मोजणारा गेज लावला. पीएसआयमध्ये आकडे असे आले : पुढची दोन चाके 24 आणि 26, मागची 19 आणि 27, स्टेपनी 11. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीचे स्टिकर आहे आणि त्यावर किती हवा हवी ते छापलेले आहे, हे तेव्हा घरातल्या सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिले. वडील म्हणाले, "आम्ही तर लाथ मारून बघतो, सर. ट्रॅक्टरचं तसंच बघतेत." ते वाक्य मला फार मोलाचे वाटते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत शेतात मुद्दाम कमी हवा ठेवतात, कारण फुगीर बसलेला टायर मातीला चांगला धरतो. त्या घराची नजर अशा टायरांवर तयार झाली होती, म्हणून 19 वर आलेले गाडीचे चाक त्यांना कुठेच वावगे दिसले नाही. त्यात हलगर्जीपणा नव्हता. एका यंत्राचे बरोबर ज्ञान दुसऱ्या यंत्राला चुकीचे लागू झाले होते.

कमी हवेचे नेमके काय होते, ते उस्तादांनी अंगणातच समजावले. या गाडीचा मूळ टायर 165/80 आर 14 आहे, म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या 80 टक्के आणि आतली रिम 14 इंची. त्याचा घेर जवळपास 1.95 मीटर भरतो. ताशी 120 किलोमीटरला ते चाक मिनिटाला हजाराहून अधिक फेऱ्या घेते, आणि प्रत्येक फेरीत जमिनीकडे आलेली कड एकदा दबून पुन्हा सरळ होते. हवा कमी असली की ती जास्त दबते, आणि प्रत्येक दबण्याची थोडी उष्णता रबरातच साठत जाते. बाहेर बेचाळीस अंश ऊन, खाली तापलेले सिमेंट आणि आत नऊ वर्षांचे वाळलेले रबर एकत्र आले की टायर फुटायला खिळ्याची गरज उरत नाही. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आमच्याकडे सगळ्यांनीच वाचल्या होत्या. स्वतःच्या अंगणातल्या चाकाशी त्यांचा संबंध त्या मुलाने त्या सकाळी पहिल्यांदा जोडला.

अलॉयचा विषय मग त्याने स्वतःच पुन्हा काढला, आणि त्याला उडवून न लावता नीट उत्तर देणे आवश्यक होते. सतरा इंची रिमवर 205/45 मापाचा टायर घेतला तर चाकाची एकूण उंची जवळपास मूळचीच राहते, मूळ 620 मिलिमीटर आणि नवी 616. त्यामुळे बसण्याच्या दृष्टीने हिशेब जुळतो, आणि दुकानदार तेवढाच हिशेब सांगतो. फरक रबराच्या कडेत पडतो. मूळ टायरची कड 132 मिलिमीटर उंच आहे, नव्याची 92 भरते. खड्ड्याचा धक्का जी गादी खाते ती चार सेंटीमीटर कमी होते. आमचे रस्ते काळ्या मातीवर बसलेले आहेत. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते, आणि वरचे डांबर लाटांसारखे वरखाली होऊन कडेला खचते. अंबड ते वडीगोद्री एकदा जाऊन आले तरी हे कळते. आमच्याच एका सदस्याने आपल्या गाडीला सतरा इंची चाके लावली होती आणि पहिल्या दिवशी या मुलाला सर्वांत उत्साही उत्तर त्यानेच दिले होते. त्याने पुढच्या भेटीत आपले दोन टायर आणून दाखवले. कडेला लिंबाएवढा गोळा आलेला, म्हणजे आतले धागे तुटलेले. स्वतःच्या नुकसानीची वस्तू सगळ्यांसमोर आणून ठेवणे सोपे नसते. त्याने ते केले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

मुलाने अलॉय सोडून दिले. त्या पैशांतून मूळ मापाचे चार नवे टायर सतराएक हजारांत आले, उरलेल्यांत अलाइनमेंट, बॅलन्सिंग, मागचे ब्रेक लायनर आणि ब्रेक ऑइल झाले. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. त्याच्या गाडीतले चहासारखे काळपट झाले होते. गटात त्याचे कौतुक झाले. येथवर हे प्रकरण आदर्श वाटावे असे आहे, आणि आम्हालाही तसेच वाटले होते.

ऑक्टोबरमध्ये त्याने गटात एक छोटा व्हिडिओ टाकला. समृद्धी महामार्गावर, जालन्याहून शिर्डीच्या दिशेने जाताना स्पीडोमीटरचा काटा 140 च्या पुढे गेलेला त्यात दिसत होता. तेथे मोटारींना कमाल मर्यादा 120 ची आहे. चाळीस मिनिटांत बत्तीस जणांनी अंगठे आणि टाळ्या दिल्या. मी तो व्हिडिओ दुपारी तासाच्या मधल्या वेळेत पाहिला, अस्वस्थ झालो आणि संध्याकाळी बोलू म्हणून मोबाइल खिशात ठेवला. माझे ते गप्प बसणे त्या बत्तीस अंगठ्यांपेक्षा वेगळे नव्हते. गटातला एक जाणता माणूस पाहतो आणि काही बोलत नाही, याचा अर्थ वीस वर्षांच्या मुलाने संमती असाच घेतला तर त्यात त्याची चूक नाही.

संध्याकाळी काकांनी त्याला फोन केला. एसटीत एकतीस वर्षे काढलेला माणूस. त्यांनी वेगाचा विषयच काढला नाही. "मोबाइल कुण्या हातात होता रे, बेटा?" त्यांनी विचारले.

"उजव्या, काका."

"मंग स्टेरिंग?"

"डाव्या."

"म्हंजे गिअरला हातच नव्हता."

बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "पण काका, टायर तर नवेच आहेत ना आता."

काकांनी हे मला रात्री सांगितले, तेव्हा आमची चूक मला पूर्ण दिसली. मे महिन्यात आम्ही त्याला टायर शिकवले होते आणि त्याने ते मनापासून शिकले होते. पण त्या शिकण्यातून त्याने काढलेला अर्थ असा होता की टायर चांगले असले की जोरात जायला हरकत नाही. सुरक्षेची गोष्ट वेगाचा परवाना बनली होती. आम्ही वस्तू दुरुस्त केली होती आणि चालकाकडे पाहिलेच नव्हते. एवढ्या गाड्या आणि एवढी मुले हाताखालून गेल्यावरही हे माझ्या ध्यानात यायला इतका वेळ लागला, याचे मला वाईट वाटते.

थांबण्याच्या अंतराचा हिशेब मी त्याला दुसऱ्या दिवशी मांडून दाखवला. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ताशी 60 ला गाडी जवळपास 37 मीटरमध्ये थांबते, 120 ला 114 आणि 140 ला 149. वेग वीसने वाढवला की अंतर पस्तीस मीटरने वाढते. आणि मिळते काय? साठ किलोमीटरच्या प्रवासात सव्वाचार मिनिटे. त्याने वही काढून आकडे स्वतः पुन्हा मांडले, आणि मला ते आवडले. पण हिशेबाने सवय बदलत नाही हेही मी जाणून होतो. सवय बदलण्याचे काम काकांनी केले.

पुढच्या रविवारी काका त्याच्या शेजारी बसले आणि गाडी समृद्धीवर न नेता सोलापूर-धुळे महामार्गावर घ्यायला लावली. अट एकच होती. जे दिसेल ते मोठ्याने बोलत चालवायचे. पहिल्या वीस मिनिटांत मुलगा बोलला ते सगळे गाडीच्या नाकापुढचे होते : खड्डा, पुढची मोटारसायकल, पट्टा. पाचोडच्या अलीकडे डिव्हायडरच्या फटीतून ढाब्याकडे जायला एक ट्रॅक्टर उलट्या बाजूने येत होता. काकांना तो दीडेकशे मीटरवरून दिसला आणि ते मुद्दाम गप्प राहिले. मुलाच्या तोंडून "ट्रॅक्टर" हा शब्द निघाला तेव्हा अंतर तीस मीटरच्या आत आले होते. वेग साठच असल्याने आणि तो ट्रॅक्टर कडेने असल्याने काही झाले नाही. काकांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि एवढेच सांगितले : "तुझे डोळे अजून ट्रॅक्टरवरच बसलेत. त्यांना खाली उतरव."

त्यानंतर आठ रविवार तो काकांबरोबर असा बोलत गाडी चालवत होता. मी दोनदा मागच्या सीटवर होतो. पहिल्या खेपेला त्याचे बोलणे वस्तूंचे होते. सातव्या खेपेला मी ऐकले ते असे : "पुढं शेळ्या आहेत, राखणारा पोरगा दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे एखादी आडवी येईल. टमटमचा ब्रेक लाइट बंद आहे, पण माणूस उतरायला पुढं सरकलाय, म्हणजे ती थांबणार." त्याने शेळ्यांच्या आधीच वेग कमी केला आणि पाय ब्रेकवर आणून ठेवला. गाडीला एकही धक्का बसला नाही. शिक्षक म्हणून मला मिळालेल्या मोठ्या आनंदांपैकी तो एक होता.

गटानेही नियम केला. स्पीडोमीटरचा व्हिडिओ कुणी टाकला तर तो काढून टाकायचा, चारचौघांत बोलायचे नाही, आणि मोठ्यांपैकी एकाने त्याच दिवशी फोन करायचा. फोनची अट मला नियमापेक्षा महत्त्वाची वाटते. सर्वांसमोर झापलेला मुलगा पुढचा व्हिडिओ दुसऱ्या गटात टाकतो.

हिवाळ्यात गाळप हंगाम सुरू झाला आणि दिव्यांचा प्रश्न आला. अंबड-घनसावंगी पट्ट्यात रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा अवस्थेत चालतात, आणि वाढ्यांची, म्हणजे उसाच्या शेंड्यांची, शेपटे ट्रॉलीच्या बाहेर लोंबत असतात. तो एकदा थोडक्यात वाचला आणि त्याने 100/90 वॅटचे बल्ब मागवले, म्हणजे लांबच्या झोताला 100 आणि डिपरला, म्हणजे जवळच्या झोताला, 90. मूळ बल्ब 60/55 चे आहेत. जास्त वॅटचा बल्ब त्याच वायरीतून दीडपटीहून जास्त वीज ओढतो, होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळेच. उस्तादांनी बल्ब परत करायला लावले, पिवळ्या पडलेल्या काचा घासून चकचकीत केल्या आणि गावातल्या शाळेच्या भिंतीसमोर दहा मीटरवर गाडी उभी करून दिव्यांचा झोत जुळवला. डिपरची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली यायला हवी. त्याची एक बाजू आभाळाकडे बघत होती. काम तासाभराचे, खर्च पॉलिशचा. त्याच आठवड्यात त्याने वडिलांच्या ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावल्या, आणि शेजाऱ्यांच्या चार ट्रॉल्यांनाही. हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

कायद्याची बाजू त्याला फार समजवावी लागली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते अधिक स्पष्ट केले आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो, हे आमच्या टायरवाल्यांनी त्याला सांगितले. तपासताना वेगळीच गोष्ट निघाली. आरसी बुक वडिलांच्या नावावर झाले होते, पण विमा अजून जुन्या मालकाच्या नावावर होता. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत तो नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. अलॉयची चर्चा करणाऱ्या अकरा जणांपैकी एकानेही मे महिन्यात हे विचारले नव्हते. आता नव्या माणसाला गटात घेतल्यावर आम्ही तीन गोष्टी विचारतो : टायरचे चार आकडे, विमा कुणाच्या नावावर आहे, आणि स्टेपनीत हवा किती आहे.

या सगळ्याची किंमतही गटाने मोजली आहे. व्हिडिओचा नियम झाल्यावर दोन विद्यार्थी बाहेर पडले. "इथं नुसती म्हातारी माणसं हवा मोजतेत," असे त्यांच्यापैकी एक म्हणाला. दोघेही गाडी चांगली जाणणारे होते, त्यातल्या एकाचा इंजिनवरचा हात तर आमच्या कित्येकांपेक्षा सरस आहे. आम्ही फोन केले, पण ते परत आले नाहीत. जे राहिले त्यांच्यावर आमचा परिणाम झाला असे म्हणताना, ज्यांना त्याची अधिक गरज होती ते हातून सुटले, हेही मला लिहावेच लागते.

या तरुणाने मात्र त्यांच्यापैकी एकाशी मैत्री तोडली नाही. डिसेंबर 2024 च्या भेटीला तो त्याला घेऊन आला. तो मुलगा गाडीतून उतरला नाही, काच अर्धी खाली करून मोबाइल बघत बसला. आमच्या तरुणाने त्याला काही म्हटले नाही. डिकीतून गेज काढला, त्याच्या गाडीच्या चारही चाकांना लावला, आकडे एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी काचेतून आत दिली. थोड्या वेळाने आतून प्रश्न आला, "मागच्या डाव्यात एवढी कमी कशी काय?" तेव्हा दोघे जण खाली वाकून व्हॉल्व्हवर थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहू लागले.